ॲमेझॉनमध्ये जाऊन फिश टँकसाठी मासे पकडायची ग्रुप ट्रिप कशी आखतात?

फिश टँकच्या दुकानात लाल-निळ्या चमकत्या पट्ट्याचे बोटाएवढे मासे थव्याने फिरताना तुम्ही नक्की पाहिले असतील. दुकानदार सांगतो 'निऑन आहे', कधी सांगतो 'कार्डिनल आहे'. बहुतेक लोक दहा मासे पिशवीत बांधून घेतात आणि घरी जातात.

पण काही हौशी लोकांचं तेवढ्यावर भागत नाही. हा मासा मुळात राहतो कुठे, तिथलं पाणी कसं असतं, तो खातो काय, हे त्यांना बघायचं असतं. मग दहा-बारा जण एकत्र येतात, पैसे जमवतात आणि थेट त्या माशाच्या गावाला जातात. युरोप-अमेरिकेतल्या फिश टँक क्लबांमध्ये अशा सहली अनेक वर्षांपासून निघतात. कोणी पेरूमधल्या इकितोसला जातं, कोणी आफ्रिकेतल्या मलावी सरोवरावर, तर कोणी ब्राझीलमधल्या रिओ निग्रो नदीवर.

रील्समध्ये ही ट्रिप फार सोपी दिसते. जाळं टाकलं, मासा आला, पिशवीत भरला, संपलं. खरं तर जाळं टाकणं हे या सगळ्यातलं सगळ्यात सोपं काम आहे. अवघड प्रश्न वेगळाच आहे. पकडलेला मासा नेमका कुणाचा, आणि तो घरी आणायचा का?

रिओ निग्रोचंच उदाहरण घेऊन हे समजून घेऊ.

रिओ निग्रोमध्ये एवढं काय आहे?

रिओ निग्रो म्हणजे काळी नदी. ही ॲमेझॉनची मोठी उपनदी. जंगलातला कुजलेला पालापाचोळा पाण्यात मुरत राहतो, त्यामुळे पाणी कोऱ्या चहासारखं दिसतं. हे पाणी खूप आम्ल असतं. पीएच अनेक ठिकाणी ५ च्या खाली जातो आणि क्षार जवळजवळ नसतातच. मानाउस शहराजवळ ही काळी नदी सोलिमोइस या गढूळ नदीला मिळते आणि दोन रंगांचं पाणी कित्येक किलोमीटर शेजारी शेजारी वाहत राहतं.

मानाउसपासून साधारण ४०० किलोमीटर वर बार्सेलोस नावाचं गाव आहे. कार्डिनल टेट्राची राजधानीच म्हणा ना. निऑन आणि कार्डिनल यांच्यात गल्लत होते, पण ओळखायची खूण सोपी आहे. निऑनचा लाल पट्टा अर्ध्या अंगावर असतो, कार्डिनलचा डोक्यापासून शेपटीपर्यंत.

या माशाच्या नावाचीही एक गोष्ट आहे. फेब्रुवारी १९५६ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी एकाच माशाला दोन वेगवेगळी शास्त्रीय नावं दिली. दोन्ही लेखांच्या तारखांत फक्त एका दिवसाचा फरक होता. वाद प्राण्यांच्या नावांचा निवाडा करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाकडे गेला आणि एक दिवस आधीचं नाव टिकलं. 'ट्रॉपिकल फिश हॉबीइस्ट' मासिकाचे प्रकाशक हर्बर्ट ॲक्सेलरॉड यांच्या नावावरून ठेवलेलं 'पॅराकायरोडॉन ॲक्सेलरॉडी' हे नाव आजही चालतं.

बार्सेलोसमध्ये हे मासे पकडणाऱ्यांना 'पियाबेइरो' म्हणतात. 'पियाबा' म्हणजे चिल्लर मासळी. अनेक दशकं गावातल्या असंख्य कुटुंबांची चूल या चिल्लर मासळीवर पेटली. दरवर्षी इथे शोभिवंत माशांचा उत्सव भरतो. त्यात कार्डिनल आणि डिस्कस या दोन माशांच्या नावाने गावाचे दोन गट पडतात आणि नाच-गाण्याची चुरस लागते. ज्या मासळीवर गाव जगतं, तिचीच जत्रा.

पहिलं काम: ट्रिप कशासाठी, ते ठरवा

ग्रुप जमला की सगळ्यात आधी एका गोष्टीवर एकमत हवं. आपण मासे बघायला चाललोय, पकडून परत सोडायला चाललोय, की घरी आणायला?

कारण कायद्याच्या दृष्टीने या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. १९९२ च्या जैवविविधता करारानुसार प्रत्येक देशातल्या जीवसंपत्तीवर त्या देशाचा हक्क असतो. पर्यटक म्हणून गेलात म्हणजे तिथल्या नदीतला मासा तुमचा होत नाही. ब्राझीलमध्ये फिश टँकसाठी व्यवसाय म्हणून मासे पकडायला आणि परदेशी पाठवायला परवाना लागतो. कोणत्या जाती पाठवता येतील याचेही नियम आहेत. परदेशी माणसाला अभ्यासासाठी नमुने गोळा करायचे असतील तर वेगळी परवानगी आणि सोबत ब्राझीलमधली संस्था लागते. हे डावलून मासे बॅगेत घातले, तर १९९८ च्या पर्यावरण गुन्हे कायद्याखाली कारवाई होऊ शकते.

हे नियम आपल्याला जाचक वाटत असतील तर जरा उलट बाजूने बघा. २००८ मध्ये चेक प्रजासत्ताकातले दोन कीटक-अभ्यासक दार्जिलिंगजवळच्या सिंगलीला राष्ट्रीय उद्यान परिसरात विनापरवाना किडे गोळा करताना पकडले गेले. भारताच्या कायद्यानुसार त्यांच्यावर खटला चालला आणि ते दोषी ठरले. तेव्हा आपल्याकडे अनेकांना ती कारवाई योग्यच वाटली. ब्राझीलच्या नदीकाठी जाळं घेऊन उभा असलेला आपला ग्रुप तिथल्या अधिकाऱ्याला तसाच दिसतो.

म्हणून अनुभवी आयोजक साधा रस्ता धरतात. स्थानिक परवानाधारक मच्छीमारांसोबत जायचं, त्यांच्या पद्धतीने मासे कसे पकडतात ते बघायचं, हात लावायचा तो त्यांच्या देखरेखीखाली. घरी मासे हवेच असतील तर ते परवानाधारक निर्यातदाराकडून, कागदपत्रांसह, स्वतंत्र पार्सलने मागवायचे. स्वतःच्या सुटकेसमधून नाही.

कधी जायचं?

इथे कॅलेंडरपेक्षा नदीची पातळी महत्त्वाची. मानाउसजवळ पूर आणि उन्हाळा यांच्यातला पाण्याच्या पातळीचा फरक साधारण १० मीटर असतो, म्हणजे तीन मजली इमारतीएवढा. पाणी चढलं की नदी जंगलात शिरते आणि मासे झाडांच्या मुळा-फांद्यांमध्ये पांगतात. तेव्हा जाऊन हाती काही लागत नाही. पाणी उतरलं की मासे ओढ्यांमध्ये आणि डबक्यांमध्ये गोळा होतात. बार्सेलोसच्या भागात साधारण ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा उतरत्या पाण्याचा काळ.

पण पाणी फार उतरलं तरी पंचाईत. २०२३ मध्ये मानाउसला नदीने १९०२ पासूनच्या नोंदींमधली सगळ्यात खालची पातळी गाठली आणि २०२४ मध्ये तोही विक्रम मोडला. अशा वेळी मोठ्या बोटी वाळूत रुततात. मानाउसहून बार्सेलोसला रस्ता नाही. बोटीने एक दिवसाहून जास्त लागतो, नाहीतर छोटं विमान. त्यामुळे वेळापत्रकात दोन-तीन दिवस मोकळे ठेवावेच लागतात. परतीचं तिकीट अगदी घासून काढलं, तर एक बोट चुकली की पुढची सगळी विमानं चुकतात.

ग्रुपमध्ये कोण काय करणार?

आठ ते बारा जणांचा ग्रुप बरा पडतो. त्याहून जास्त झाले तर छोट्या होड्या कमी पडतात आणि ओढ्यात सगळे एकदम उतरले की पाणी गढूळ होऊन कुणालाच काही दिसत नाही.

कामं आधीच वाटून घेतलेली बरी. एकाकडे सगळी कागदपत्रं. एकाकडे औषधं आणि प्रथमोपचार. एकाकडे हिशोब. एकाकडे पाण्याच्या नोंदी, म्हणजे जागा, तारीख, तापमान, पीएच, पाण्यातले क्षार. नोंदीचं काम कंटाळवाणं वाटतं, पण ट्रिपमधून घरी येणारी सगळ्यात टिकाऊ वस्तू तीच. मासा दोन-चार वर्षांत मरतो. तो कोणत्या ओढ्यात, कोणत्या पाण्यात, कुणाच्या शेजारी राहत होता ही माहिती पुढे प्रत्येक पाळणाऱ्याच्या कामी येते.

पैशांचं बोलणंही पहिल्याच मीटिंगमध्ये व्हावं. बोटीचं आणि वाटाड्याचं भाडं सगळ्यांत सारखं वाटलं जातं. एक जण ऐनवेळी गळला तर त्याचा वाटा कोण भरणार? हे आधी लिहून ठेवलं नाही, तर मानाउसच्या धक्क्यावर भांडण ठरलेलं. आणि पोर्तुगीज बोलणारा एक तरी माणूस सोबत हवाच. बार्सेलोसमध्ये इंग्रजीवर भागत नाही.

लस, विमा आणि तब्येत

भारतीयांसाठी सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे पिवळ्या तापाच्या लशीचं प्रमाणपत्र. ब्राझीलमध्ये हा आजार आहे. तिथून सहा दिवसांच्या आत भारतात परतणाऱ्याकडे हे प्रमाणपत्र नसेल, तर विमानतळावरून थेट विलगीकरणात जावं लागतं, सहा दिवसांपर्यंत. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते आणि घेतल्यानंतर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं. २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं.

मलेरियाच्या औषधाबद्दल डॉक्टरांशी आधीच बोलून घ्यायचं. प्रवास विम्यात नदीच्या आडभागातून हॉस्पिटलपर्यंत नेण्याचा खर्च आहे का, हेही बघायचं. जवळचं मोठं हॉस्पिटल एक दिवसाच्या अंतरावर असू शकतं.

प्रत्यक्ष पाण्यात

पियाबेइरोचं मुख्य हत्यार म्हणजे 'रापिशे', लाकडी चौकटीचं मोठं झोळीसारखं जाळं. छोट्या होडीतून तो काठाच्या झुडपांत शिरतो, वल्ह्याने पाणी हलवून माशांचा थवा हळूच जाळ्याकडे वळवतो आणि जाळं वर घेतो. माशांना हात लागत नाही. पाण्यासकट ते पसरट प्लॅस्टिकच्या डब्यात जातात. 'काकुरी' नावाचा सापळाही असतो, तो काठाला लावून ठेवतात.

नवख्या माणसाला वाटतं की जाळं जोरात ओढलं की जास्त मासे येतील. होतं उलटंच. खवले खरवडतात, माशाला बुरशी लागते आणि दोन दिवसांत तो मरतो. म्हणून पहिला दिवस फक्त बघण्यात घालवावा.

पाण्यात चालताना पाय उचलून टाकायचा नाही, तळाशी घासत चालायचं. वाळूत पाकट मासा लपलेला असतो. पाय घासत गेला तर तो सरकतो, वर पाय पडला तर शेपटीचा विषारी काटा मारतो. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा आणि डॉक्टर गाठायचा. याच खोऱ्यात इलेक्ट्रिक ईलही आहेत. २०१९ मध्ये वर्णन झालेल्या त्यांच्या एका जातीचा धक्का ८६० व्होल्टपर्यंत मोजला गेला. म्हणूनच वाटाड्या 'इथे नको' म्हणाला की वाद घालायचा नसतो.

आणखी दोन पथ्यं. मासा जिथे पकडला तिथेच सोडायचा, पुढच्या ओढ्यात नाही. आणि एका नदीतून दुसऱ्या नदीत जाताना जाळी पूर्ण वाळवायची, नाहीतर रोगजंतू आपणच पोहोचवतो.

पिशवीतले ४८ तास

समजा निर्यातदारामार्फत मासे मागवले. मानाउसहून भारतात पोहोचायला त्यांना दोन दिवस सहज लागतात. या दोन दिवसांत पिशवीत काय घडतं?

पाठवण्याआधी माशांना एक-दोन दिवस उपाशी ठेवतात, म्हणजे पिशवीत घाण कमी होते. पिशवीत एक तृतीयांश पाणी आणि दोन तृतीयांश ऑक्सिजन भरतात. एकात एक दोन पिशव्या, मध्ये कागद, बाहेर थर्मोकोलचा बॉक्स. काटेवाल्या मांजर-माशांना वेगळं बांधतात, कारण त्यांच्या काट्याने पिशवी फुटते. कोरीडोरास जातीचे मासे घाबरले की विष सोडतात आणि बंद पिशवीत स्वतःच मरतात.

खरा धोका मात्र घरी पिशवी उघडताना असतो. मासे श्वास घेतात, कार्बन डायऑक्साइड पाण्यात साठतो आणि पाणी आम्ल होतं. माशांच्या घाणीतून अमोनियाही साठतो, पण आम्ल पाण्यात तो तितका घातक नसलेल्या रूपात राहतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच वर चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. दोन दिवस तग धरलेले मासे टँकच्या काठावर येऊन मरतात. म्हणून लांबून आलेली पिशवी उघडून तासभर थेंब-थेंब पाणी घालत बसणं अंगाशी येऊ शकतं. आधी बंद पिशवी टँकमध्ये तरंगत ठेवून तापमान जुळवायचं, नंतर उघडून मासे झटकन बाहेर काढायचे आणि जुनं पाणी फेकून द्यायचं. त्यासाठी टँकचं पाणी आधीच मऊ आणि आम्ल करून ठेवावं लागतं. रिओ निग्रोच्या माशाला थेट बोअरच्या जड पाण्यात टाकलं तर तो टिकणार नाही.

भारतात आणताना

जिवंत मासे भारतात आणायला सॅनिटरी इम्पोर्ट परमिट लागतं, पाठवणाऱ्या देशाचं आरोग्य प्रमाणपत्र लागतं आणि मासे क्वारंटाइनमध्ये ठेवावे लागतात. हे काम आयातदाराचं, प्रवाशाचं नाही.

त्यात मासा 'साइट्स' कराराच्या यादीत असेल तर आणखी कागद. झेब्रा प्लेको हा काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा सुंदर मासा फक्त ब्राझीलच्या शिंगू नदीच्या एका वळणावर सापडतो. ब्राझीलने जंगलातून पकडलेल्या झेब्रा प्लेकोची निर्यात बंद केली आहे आणि २०२२ मध्ये हा मासा साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात गेला. तरी त्याची तस्करी होते. साइट्स यादीतला प्राणी भारतात पाळायचा तर 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी करावी लागते.

आरोग्य तपासणी हा नुसता सरकारी ससेमिरा नाही. दक्षिण अमेरिकेतला सकर मासा टँकमध्ये मोठा झाला की लोक तळ्यात सोडून देतात. आज तो केरळपासून वाराणसीच्या गंगेपर्यंत सापडतो आणि उजनीच्या मच्छीमारांच्या जाळ्यातही येतो. त्याला बाजारात भाव नाही आणि त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात. हौस एकाची आणि भुर्दंड दुसऱ्याला.

मग जंगलातले मासे पकडूच नयेत का?

उत्तर वाटतं तितकं सरळ नाही.

कार्डिनल टेट्रा निसर्गात फार जगत नाही. पाणी उतरलं की डबकी आटतात आणि त्यांच्यातले बहुतेक मासे एका वर्षाच्या आतच मरतात. पुढच्या पुरात उरलेले मासे पुन्हा भरमसाट पिल्लं घालतात. म्हणजे जे मासे तसेही मरणार होते, त्यातले काही पियाबेइरो पकडतो.

मानाउसच्या विद्यापीठातले संशोधक निंग लॅबिश चाओ यांनी १९८९ मध्ये हाच धागा पकडून 'प्रोजेक्ट पियाबा' सुरू केला. त्यांची घोषणा होती, मासा विकत घ्या, झाड वाचवा. माशातून पैसे मिळतात तोवर नदीकाठचं जंगल राखण्यात गावाचा फायदा आहे, कारण जंगल नसेल तर मासा नाही. माशाचा धंदा बुडाला तर तोच माणूस लाकूडतोड, सोन्याची खाण किंवा गुरांची कुरणं यांच्याकडे वळतो.

आणि धंदा बसलाच. आशिया, फ्लोरिडा आणि युरोपमधल्या शेततळ्यांत कार्डिनलची पैदास होऊ लागली, आणि दुकानात स्वस्त, एकसारखे मासे मिळू लागले. बार्सेलोसमधले कित्येक पियाबेइरो मग टूरिस्टांना गळाने मासेमारी घडवण्याच्या कामाला लागले. २०१४ मध्ये रिओ निग्रोच्या शोभिवंत माशांना ब्राझीलने भौगोलिक मानांकन दिलं, आपल्याकडच्या देवगड हापूससारखं. पण मानांकन मिळालं म्हणून गिऱ्हाईक आपोआप येत नाही.

याच्या उलट उदाहरण आपल्या सह्याद्रीत आहे. केरळ-कर्नाटकातल्या डोंगरी नद्यांमध्ये 'मिस केरळ' नावाचा लाल-काळ्या पट्ट्याचा मासा राहतो. २०१३ मध्ये त्याच्या प्रजातीला 'सह्याद्रिया' असं नाव मिळालं. १९९७ मध्ये सिंगापूरच्या प्रदर्शनात त्याला बक्षीस मिळालं आणि जगभरातून मागणी आली. पण तो कार्डिनलसारखा झपाट्याने वाढत नाही आणि मोजक्याच नद्यांत राहतो. बेसुमार पकडल्यामुळे तो धोक्यात आला आणि २००८ मध्ये केरळला पकडण्यावर बंधनं आणावी लागली. जाळं तेच आणि हौसही तीच, पण मासा वेगळा असल्याने परिणाम उलटा झाला.

म्हणूनच ट्रिप आखताना 'पकडणं चांगलं की वाईट' असा एकच प्रश्न पुरत नाही. हा मासा किती वेगाने वाढतो, पैसा कुणाच्या हातात जातो आणि त्या गावाला जंगल राखण्यात फायदा दिसतो का, हे तिन्ही विचारावं लागतं.

निघण्याआधी हे एकदा तपासा

– ट्रिपचा हेतू लिहून ठेवला आहे आणि सगळ्यांना मान्य आहे.
– स्थानिक वाटाड्या आणि मच्छीमार परवानाधारक आहेत, त्यांचा मोबदला आधी ठरला आहे.
– नदीची सध्याची पातळी विचारून घेतली आहे, वेळापत्रकात मोकळे दिवस आहेत.
– पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी झाली आहे.
– व्हिसा, विमा आणि डॉक्टरांचा सल्ला घेऊन झाला आहे.
– मासे मागवायचे असतील तर निर्यातदार आणि भारतातला आयातदार, दोघांशी बोलणं झालं आहे.
– घरच्या टँकचं पाणी महिनाभर आधीपासून तयार आहे.
– कुणाच्याही बॅगेत रिकाम्या पिशव्या आणि ऑक्सिजनच्या गोळ्या नाहीत.

शेवटचा मुद्दा गमतीचा वाटेल, पण आयोजकाने तो निघण्याच्या आदल्या दिवशी सगळ्यांसमोर बोलून दाखवावा. दहा जणांच्या ग्रुपमध्ये एकाने 'दोनच तर मासे आहेत' म्हणत पिशवी लपवली, तर विमानतळावर सगळा ग्रुप थांबवला जाऊ शकतो. आणि ज्या पियाबेइरोने तुम्हाला आपला ओढा दाखवला, त्याच्या परवान्यावरही गदा येऊ शकते. तुम्ही ट्रिप आटपून घरी परत याल, त्याला मात्र त्याच नदीवर पोट भरायचं असतं.